लेखी द्या म्हणायला शिका: सरकारी पाळत आणि आपली प्रायव्हसी

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा फोन आला, आवाज एकदम दबका. "ताई, नाकाबंदीत थांबवलंय, फोन अनलॉक करून दे म्हणतायत, व्हॉट्सअ‍ॅप बघायचंय म्हणे, देऊ का?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणाले दे बाबा, कशाला वाद घालतोस एवढ्या रात्री. त्याने दिला. दहा-पंधरा मिनिटं त्यांनी त्याचे चॅट वाचले, गॅलरी चाळली, होणाऱ्या बायकोशी झालेलं बोलणंसुद्धा वाचलं, काही सापडलं नाही म्हणून जा म्हणाले. कुठे नोंद नाही, पावती नाही, कागद नाही. त्याच्यावर ना कसला गुन्हा ना संशय, आणि तरी आजही तो विषय निघाला की तो गप्प होतो.

मी दिलेलं ते उत्तर मला फार लागलं. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले, माझी एक मैत्रीण वकील आहे तिला छळत गेले, आणि जे कळलं ते इथे लिहितेय. मी स्वतः वकील नाही, तुमच्यावर खरोखर केस असेल तर वकील गाठाच. पण वकील गाठेपर्यंतचे पहिले दोन तास आपलेच असतात ना, त्या दोन तासांसाठी हे आहे.

सगळं वाचून एक गोष्ट मात्र पक्की कळली, की आपल्याकडे सरकारी पाळतीवर जी काही थोडीफार बंधनं आहेत ती जवळपास सगळी कागदावरची आहेत. आदेश लेखी हवा, कारण लेखी हवं, पंचनामा हवा, जप्त वस्तूंची यादी हवी. म्हणून आपल्या हातातलं सगळ्यात मोठं साधन म्हणजे शांतपणे, आदराने, "साहेब, हे लेखी मिळेल का" असं विचारणं.

आधी हक्काबद्दल थोडं

"माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" असं म्हणणाऱ्यांना मी खडक सिंगची गोष्ट सांगते. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या केसमधे पकडला, पुरावा नाही म्हणून सुटला. पण पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट (संशयितावर नजर ठेवायची पोलिसांची फाइल) उघडली आणि मग रात्री-अपरात्री घरी येऊन दार वाजवायचं, झोपेतून उठवायचं, कुठे गेला होतास विचारायचं, हे सुरू झालं. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ मधे कोर्टाने रात्रीच्या त्या घरभेटी बेकायदा ठरवल्या, पण प्रायव्हसी हा काही मूलभूत हक्क नाही असंही म्हणून ठेवलं. ते वाक्य पुसायला २०१७ साल उजाडावं लागलं. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मधे आधारविरुद्ध याचिका केली होती, त्यातून हा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम २१ चा भाग आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर तीन गोष्टी हव्यात: तसा कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि जेवढ्यास तेवढंच हवं. मुंगी मारायला तोफ नको. या तीन गोष्टी पाठ करून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतात.

रस्त्यात फोन मागितला तर

लायसन्स, गाडीची कागदपत्रं दाखवायची, त्यात वाद नाही. पण रस्त्यात उभं करून कुणाचाही फोन उघडायचा आणि चाळायचा असा सरसकट अधिकार कुठल्याही कायद्यात दिलेला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमधे हैदराबादला पोलीस रस्त्यात पोरांना थांबवून त्यांच्या चॅटमधे "गांजा" शब्द शोधतायत असे व्हिडिओ आले होते, आठवत असेल, तेव्हा देशभर वकिलांनी हाच मुद्दा मांडला होता. झडती घ्यायची तर तपास चालू असलेल्या गुन्ह्याशी तिचा संबंध हवा, वॉरंटशिवाय घ्यायची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली अधिकाऱ्याने कारण लिहून ठेवायला हवं.

मग तिथे उभं राहून नेमकं काय म्हणायचं? आम्ही घरात हे पाठ केलंय, अगदी आईनेसुद्धा: "साहेब, मी सहकार्य करतोय, पण फोन कुठल्या गुन्ह्याच्या तपासात बघायचाय ते सांगाल का? नोटीस असेल तर द्या, मी पोलीस ठाण्यात वकिलांबरोबर येतो." बस. आवाज चढवायचा नाही, ते फोन हिसकावून घ्यायला गेले तर झटापट करायची नाही, कारण शासकीय कामात अडथळा हे कलम (पूर्वीचं आयपीसीचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२) लागायला वेळ लागत नाही आणि मग मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. समोरच्याचं नाव आणि हुद्दा छातीवरच्या पाटीवरून वाचून घ्या, जागा, वेळ, गाडीचा नंबर डोक्यात ठेवा, आणि तिथून निघाल्यावर पहिलं काम म्हणजे हे सगळं लिहून काढा, दुसऱ्या दिवशी नाही, लगेच, कारण एका रात्रीत निम्मं विसरायला होतं. आणि एवढं करूनही फोन घेतलाच तर "माझी संमती नाही" एवढं तोंडाने स्पष्ट म्हणा, कुणीतरी ऐकेल असं. नंतर तक्रार करताना ते एक वाक्य फार मोलाचं ठरतं. माझ्या भावाने मुकाट्याने दिला, म्हणजे कागदोपत्री त्याने खुशीने दिला असंच होतं, हे मला नंतर कळलं.

चौकशीला बोलावलं तर तिथेही लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवत असतील तर बाईमाणसाला, पंधराच्या आतल्या मुलाला, साठीच्या वरच्या पुरुषाला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९). आणि आरोपी म्हणून हजर राहण्याची नोटीस नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मधे सांगितलंय. हे आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम सांगा, कारण व्हिडिओ कॉलवर खाकी घालून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणणारे चोर याच भीतीवर पैसे उकळतात. डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाहीच, फोन ठेवा आणि १९३० ला कळवा.

फोन किंवा लॅपटॉप जप्त होत असेल तर

हा भाग नीट वाचा, कारण इथे चुकलं की नंतर सुधारता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून ही नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू झालीये, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं पोलिसांना बंधनकारक आहे आणि ते रेकॉर्डिंग विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं. तर पहिला प्रश्न तोच विचारायचा, "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" दुसरं, पंच. पंच खरेच तिथे आहेत का, आसपासचे आहेत का, की नुसत्या सह्या होणार आहेत ते बघा. तिसरं, जप्त वस्तूंची यादी, पंचांच्या सहीची, तिची प्रत तुम्हाला मिळायला हवी, तो तुमचा हक्क आहे. त्या यादीत "एक काळा मोबाइल" एवढं लिहिलेलं चालवून घेऊ नका. कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय नंबर (म्हणजे हँडसेटचे ओळख क्रमांक), सिमकार्ड किती, मेमरी कार्ड आहे का, फोन चालू होता की बंद, आणि तुमच्यासमोर पाकिटात घालून सील केला का, हे सगळं त्यात यायला हवं. सही करायच्या आधी शेवटपर्यंत वाचा. चुकीचं काही लिहिलं असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात "अमुक मजकूर मला मान्य नाही" असं लिहून मग सही करा.

आणि हॅश व्हॅल्यू मागा. हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला नसतो. फोन किंवा हार्ड डिस्कमधला सगळा डेटा गणिती सूत्रातून काढला की एक लांबलचक आकडा मिळतो, तो म्हणजे त्या डेटाचा अंगठ्याचा ठसाच समजा. आत एक अक्षर जरी बदललं तरी आकडा पूर्ण बदलतो. जप्तीच्या वेळी तो लिहून घेतला असेल तर नंतर कुणी आत काही घातलं किंवा काढलं ते लपत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅश व्हॅल्यू लिहायचीच आहे. पुण्याच्या एल्गार परिषद केसमधे हाच वाद किती वर्षं चाललाय बघा, एका अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीने २०२१ मधे अहवाल दिला की एका आरोपीच्या लॅपटॉपमधे बाहेरून फाइल्स घुसवल्या होत्या, तपास यंत्रणेने ते मान्य केलं नाही, आणि माणसं मात्र वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली. त्यात कोण खरं ते कोर्ट ठरवेल, पण लोकांचं आयुष्य ज्या फाइल्सवर टांगलेलं आहे त्यांचा ठसा पहिल्या दिवशी घ्यायला जो काही वेळ लागेल, तो मागायला आपण लाजायचं नाही.

जप्ती झाल्यावर फोन वर्षानुवर्षं ठाण्याच्या कपाटात पडून राहतो असा अनुभव आहे. त्यासाठी वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो, आणि डेटाची कॉपी तरी द्या अशी मागणीही करता येते. २०२३ मधे पत्रकारांच्या फोन-लॅपटॉप जप्तीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कोर्टाने केंद्राला याबद्दल मार्गदर्शक सूचना करा असं सांगितलं, तोवर सीबीआयच्या मॅन्युअलप्रमाणे चालू असं केंद्राने कोर्टाला सांगितलं होतं. वकिलांना हे आठवण करून द्या.

पासवर्ड द्यायचा का

याचं सरळ उत्तर नाहीये आणि जो कोणी सरळ उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. घटनेचं कलम २०(३) म्हणतं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही. नार्को टेस्ट संमतीशिवाय करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मधे त्याच आधारावर ठरवलं. पण पासवर्डचं काय, यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मधे म्हटलं की कोर्ट तसा आदेश देऊ शकतं, दिल्लीतल्या एका विशेष कोर्टाने २०२२ मधे म्हटलं की आरोपीला सक्ती करता येत नाही. म्हणून तोंडी विचारलं की तोंडी देऊन मोकळं व्हायचं नाही. "वकिलांशी बोलून उत्तर देतो, मागणी लेखी द्या." चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटायचा हक्क अटक झालेल्याला आहे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३८). मारहाण, धमकी झाली तर ती मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्याच हजेरीत सांगायची, नंतर सांगू असं करायचं नाही.

इन्कम टॅक्सची रेड ही वेगळी गोष्ट. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलम २४७ खाली झडतीच्या वेळी अधिकाऱ्यांना पासवर्ड ओलांडून ईमेल, क्लाउड, सोशल मीडिया उघडायचा अधिकार दिलाय. रेडमधेच, रोजच्या असेसमेंटमधे नाही, हा फरक लक्षात ठेवा.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगते: तपास सुरू झालाय हे कळल्यावर चॅट, फोटो डिलीट करायला बसू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि निर्दोष माणूससुद्धा त्यात अडकतो. जी काही साफसफाई, जी काही शिस्त, ती आज, शांततेच्या दिवसांत.

फोनची आत्ताच करायची तयारी

चार आकडी पिन असेल तर आज बदला, किमान सहा, जमलं तर त्याहून मोठा. बोट किंवा चेहरा दाखवून उघडणारा फोन सोयीचा खरा, पण बोट कुणी धरून टेकवू शकतं, डोक्यातला आकडा तसा काढून घेता येत नाही. मोर्चाला जाताना, विमानतळावर, किंवा कुठे ताण वाटतोय तिथे फोन सरळ बंद करून ठेवा, कारण नुकता चालू केलेला आणि एकदाही अनलॉक न केलेला फोन फोडणं मशीनलाही जास्त जड जातं. फोनचे अपडेट टाळू नका. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाटेत वाचता येत नाहीत हे बरोबर आहे, पण चॅट फुटतात ते बहुतेक वेळा वाटेत नाही, फोन हातात आल्यावर किंवा बॅकअपमधून. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय तसा बंदिस्त नसतो. सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, विसरलात तर व्हॉट्सअ‍ॅपवालेही काढून देऊ शकत नाहीत. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. फार खासगी बोलणं असेल, तुम्ही पत्रकार असाल, वकील असाल, गावात वाळूमाफियाविरुद्ध लढत असाल, तर सिग्नल वापरा आणि मेसेज आपोआप जाणारे ठेवा. पण हेही समजून घ्या की काय बोललात ते लपलं तरी कुणाशी, कधी, किती वेळ बोललात ते लपत नाही, साध्या कॉलचा तो सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, टेलिकॉम कंपनीकडे किमान दोन वर्षं असतो आणि पोलीस तो मागवू शकतात. इंटरनेटवर आपला माग लपवणाऱ्या व्हीपीएनवरही आंधळा भरवसा नको, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले.

पेगासससारखं, म्हणजे फोनमधे गुपचूप घुसणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर असेल तर वरचं फारसं पुरत नाही. २०१९ मधे जगभरात साधारण १,४०० लोकांचे फोन असे लक्ष्य झाल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं, त्यात भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचमधे काहीतरी घातक सॉफ्टवेअर मिळालं, ते पेगाससच होतं का हे नक्की सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं कोर्टातच सांगितलं गेलं, २०२२ च्या ऑगस्टमधे. तुम्हाला कंपनीकडून तसा अलर्ट आला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या, आयफोन असेल तर लॉकडाउन मोड चालू करा, आणि फोन फॅक्टरी रीसेट करू नका, आतला पुरावाच जाईल, आधी जाणकाराला दाखवा.

टॅपिंग होतंय का हे कसं कळेल

कळत नाही. हे फार वाईट आहे पण खरं आहे. कॉलमधे खरखर येते, बॅटरी गरम होते, *#२१# दाबून बघा, असले मेसेज फिरतात, त्या कोडने फक्त कॉल फॉरवर्डिंग कळतं. सरकारी टॅपिंग टेलिकॉम कंपनीच्या पातळीवर होतं, तुमच्या हँडसेटला त्याचा पत्ताही नसतो. आणि आपल्या कायद्यात नंतरही, अगदी सगळं संपल्यावरही, त्या माणसाला कळवायची तरतूद नाही.

१९९६ मधे पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की टॅपिंग म्हणजे प्रायव्हसीवर घाला आहे, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच, गृह सचिवांच्या लेखी आदेशाने. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम आहेत, गाभा तोच. आदेश साठ दिवस चालतो, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस. तातडीत तपास यंत्रणेचा वरिष्ठ अधिकारी सुरुवात करू शकतो पण सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी नाही आली तर बंद. मग आढावा समिती तपासते, केंद्रात कॅबिनेट सचिव अध्यक्ष, राज्यात मुख्य सचिव. म्हणजे आदेश देणारे सरकारी अधिकारी, तपासणारेही सरकारी अधिकारी, न्यायाधीश कुठेच नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी खोट इथे आहे. २०१३ मधे माहिती अधिकारात गृह मंत्रालयानेच सांगितलं होतं की फक्त केंद्राकडून महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश निघतात. एवढ्या आदेशांवर खरंच विचार करून सही होत असेल का, तुम्हीच सांगा.

पण कागद हातात आला की लढता येतं. मुंबईतल्या एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याची सीबीआयची केस होती, त्यात टॅपिंगचे तीन आदेश होते. मुंबई हायकोर्टाने २२ ऑक्टोबर २०१९ ला तिन्ही रद्द केले, लाचेच्या केसमधे सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कुठे आला असं म्हणून, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. २०२५ मधे मद्रास हायकोर्टाने तीच वाट धरली, दिल्ली हायकोर्टाने मात्र उलट निकाल दिला, म्हणजे प्रश्न अजून उघडा आहे. तुमच्या चार्जशीटमधे टॅप केलेलं संभाषण असेल तर वकिलांना पहिला प्रश्न हा विचारा: आदेश कुठाय, त्यात कारण काय लिहिलंय, आढावा समितीपुढे गेला होता का. आणि सरकार नाही, एखादा खासगी माणूस, डिटेक्टिव्ह, नवरा, सासरा तुमचा फोन ऐकतोय असं वाटलं तर तो सरळ गुन्हा आहे, दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आधार

इथे आपल्या हातात खरंच काहीतरी आहे आणि अर्धा तास लागतो. आधारच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमधे जाऊन बायोमेट्रिक लॉक करा. मग तुमचं बोट किंवा डोळा कुणी वापरू शकत नाही. रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं, घरात आजी-आजोबा रेशन आणत असतील तर त्यांचं लॉक करताना हे नीट समजावून सांगा, नाहीतर बिचाऱ्यांना दुकानातून परत यावं लागेल. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्टरी बघता येते, मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते. दर तीन महिन्यांनी बघा. लॉजवर, भाडेकरारासाठी, कुठेही झेरॉक्स द्यायची तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, किंवा लायसन्स द्या. झेरॉक्सवर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, तारीख.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर बँक खातं आणि सिमकार्डला आधार सक्तीचं नाही, सरकारी अनुदान आणि पॅनला मात्र आहे. शाळेत मुलांच्या अपार आयडीसाठी (विद्यार्थ्यांचा ओळख क्रमांक) पालकांकडून संमतीपत्र घेतात, आणि जिथे संमती विचारतात तिथे नाही म्हणता येतं, तेही लेखीच कळवा. विमानतळावरची डिजीयात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायची सोय, तीही ऐच्छिक आहे, साध्या रांगेत उभं राहून ओळखपत्र दाखवलं की झालं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी अ‍ॅपचं बघा, नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी प्रत्येक नव्या फोनमधे ते अ‍ॅप आधीच टाकून द्या असा आदेश निघाला, लोक इतके ओरडले की ३ डिसेंबरला मागे घेतला. त्याच्या वेबसाइटचा एक उपयोग मात्र करा, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं.

कॅमेरे आणि माहितीचा अधिकार

चौकाचौकात कॅमेरे लागलेत, २६/११ नंतरच्या प्रधान समितीनेही तशी शिफारस केली होती, आणि चोरी, अपघात उघडकीला येतात हे मी नाकारत नाही. पण त्या कॅमेऱ्यामागे चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर आहे का, फुटेज किती दिवस ठेवतात, कोण बघतं, हे विचारायचा हक्क आपला आहे. राज्य सरकारने २०२४ मधे पोलिसांसाठी मार्व्हल नावाची एआय कंपनी काढलीये, तिच्याबद्दलही विचारता येईल.

अर्ज असा करायचा: जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना लिहा आणि कागद मागा, मत मागू नका. "चेहरा का ओळखता" असं विचारलं की उत्तर मिळत नाही. त्याऐवजी "अमुक कालावधीत चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीच्या खरेदीचा आदेश, करारनामा आणि वापराबाबतच्या कार्यपद्धतीच्या प्रती मिळाव्यात, फुटेज किती दिवस जतन करायचं याबाबतच्या परिपत्रकाची प्रत मिळावी" असं लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा तपासाला बाधा येईल म्हणून नाकारलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयबी, रॉ या गुप्तचर यंत्रणांना कायद्यातून सूट आहे, तिथे अर्ज करून उपयोग नाही, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचं उल्लंघन असेल तेवढं सोडून.

डेटा संरक्षणाचा कायदा आलाय ना मग, असं लोक विचारतात. आलाय, २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मधे. पण त्याच्या कलम १७ मधे केंद्र सरकार हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देऊ शकतं, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आणखी घट्ट करून टाकलं. दुकानदाराविरुद्ध तो उपयोगी पडेल, पोलीस ठाण्याविरुद्ध त्याच्यावर विसंबू नका.

एक चिठ्ठी

हे सगळं फोनमधे सेव्ह करून ठेवाल तर ज्या दिवशी फोन जाईल त्या दिवशी हेही जाईल. म्हणून आत्ता *#०६# दाबा, दोन्ही आयएमईआय नंबर कागदावर उतरवा. त्याखाली वकिलाचा नंबर, घरातल्या एकाचा नंबर, आणि १५१००, ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे, बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, आणि अटकेत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्न किती का असेना. आणि सगळ्यात खाली ते वाक्य, कुठल्या गुन्ह्याच्या तपासात, नोटीस लेखी द्या, माझी संमती नाही. मी घरात सहा जणांना अशी चिठ्ठी लिहून दिली. मावसभावाने त्याची पाकिटात ठेवलीये, लायसन्सच्या बरोबर मागे, म्हणजे लायसन्स काढताना ती पण हाताला लागते.